ड्रम पाचव्याच दिवशी काहून संपतात? पाण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण एवढंच विचारलं होतं की तुमच्या घरी रोज पाणी किती लागतं, कोणी कधी मोजलंय का. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोजच येऊन राहिले. मोजलं असं लिहिणारे हाताच्या बोटावर, पण "आमच्या घरी पाणी फार लागते" हे वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात आहे आणि हे फार म्हणजे किती, ते कोणालाच माहीत नाही. म्हणून या वेळी सगळं सदर पाण्यालाच दिलंय.

प्रश्न: ताई, आमच्या गावात नळ आठ दिवसानं येते. घरात आम्ही सात जण, सासू-सासरे, आम्ही दोघं अन् तीन लेकरं. चार ड्रम आहेत, गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, अन् स्वयंपाकघरातले गुंड-कळश्या. सगळं काठोकाठ भरलं तरी पाचव्या दिवशी खडखडाट होते. मग तीन दिवस मी अन् मोठी पोरगी हापशीवर, तेही पाणी खारं. सासूबाई म्हणतात तुम्हाले पाणी वापराचंच समजत नाही. खरंच आम्ही जास्त वापरून राहिलो का? कसं समजावं? (एक वाचक भगिनी, दर्यापूर तालुका)

उत्तर: ताई, तुमचा हिशेब तुम्ही दिलेल्या आकड्यावरूनच होते, चला सोबत करू. चार ड्रम म्हणजे ८०० लिटर, टाकी १०००, गुंड-कळश्या मिळून १०० धरा. झाले १९०० लिटर. पाच दिवसात संपतात म्हणजे रोजचे ३८०. सात जणात वाटले तर माणशी ५४ लिटर.

आता हा ५४ चा आकडा जास्त की कमी? २०१९ च्या १५ ऑगस्टला जल जीवन मिशन जाहीर झालं, त्यात खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळालं पाहिजे असं धरलंय. त्याच्या आधी खेड्यासाठी ४० लिटरचं माप होतं. आणि शहरात जिथं गटार योजना आहे तिथं माणशी १३५ लिटर धरतात. म्हणजे तुमचं घर बरोबर मापातच आहे, उलट एक लिटर कमीच. तुम्ही उधळपट्टी करून राहिल्या नाहीत. हे सासूबाईला वाचून दाखवा, भांडायला नाही, पण त्यांनाही बरं वाटेल की सून काही चुकत नाही म्हणून.

मग पाणी संपते काहून? कारण आठ दिवसाला सात जणांना ५५ नं ३०८० लिटर लागतात आणि तुमच्याकडं ठेवायची जागाच १९०० ची आहे. तेवढ्यात आठ दिवस काढायचे तर माणशी ३४ लिटर होतात. एवढ्यात भर उन्हाळ्यात सात माणसांचं भागवणं सोपं नाही, आणि भागत नाही याचा दोष घरातल्या बाईच्या माथी मारणं मला अजिबात पटत नाही. पाणी भरणारी तीच, उपसणारी तीच, संपलं तर बोलणी खाणारीही तीच. आणि पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी आपली आंघोळ टाळते तीही तीच. हे शेवटचं बंद झालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून कमी करायचं तर कुठून करायचं ते नीट पाहू.

त्यासाठी तीन दिवस मोजा. मीटर लागत नाही. रोज वापरायची बकेट घ्या, एक लिटरच्या बाटलीनं भरून पहा ती खरंच किती लिटरची आहे, कारण दुकानदार २० सांगते आणि काठाखाली भरली की १५-१६ च निघते. मग न्हाणीच्या भिंतीवर कोळशानं नाहीतर खडूनं रेघा ओढा, आंघोळीची वेगळी, कपड्याची वेगळी, भांड्याची, संडासची, पिण्याची. एक बकेट एक रेघ. लेकरांना हे काम द्या, ते लय आवडीनं करतात आणि आजोबाची रेघ राहिली तर आठवणही करून देतात. एकच दिवस मोजू नका, कारण कपडे कोणी रोज धुत नाही आणि पाहुणे आले की सगळंच बदलते.

ड्रममधून थेट उपसत असाल तर अजून सोपं आहे. २०० लिटरच्या ड्रममध्ये एक इंच पाणी म्हणजे साधारण साडेसहा लिटर. काडी टाकायची, सकाळी-संध्याकाळी ओल कुठवर आली पाहायची. गोल टाकी असेल तर आतली रुंदी फुटात मोजा, तिला तिनंच गुणा, मग पाण्याच्या उंचीनं गुणा, मग २२ नं गुणा, आले लिटर. चौकोनी सिमेंटचं टाकं असेल तर लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची फुटात, आणि त्याला २८ नं गुणायचं.

आमच्या घरी आम्ही सहा जण, एप्रिलमध्ये तीन दिवस असंच मोजलं होतं. रोजची सरासरी अशी निघाली: आंघोळी १०५ लिटर, कपडे ८५, संडास ७०, भांडी ५०, पिणं आणि स्वयंपाक मिळून ३८. एकूण ३४८, म्हणजे माणशी ५८. मला वाटत होतं आंघोळीलाच सगळं जाते, पोरांवर मी त्यासाठीच ओरडत होते. पण कपडे, संडास आणि भांडी हे तीन मिळून २०५ लिटर खात होते आणि तिकडं कोणाचं लक्षच नव्हतं.

संडासचं सांगते. खेड्यातल्या दोन खड्ड्याच्या संडासला जे भांडं बसवतात ना, जास्त उताराचं, ज्याला रुरल पॅन म्हणतात, त्याला दीड-दोन लिटर पाणी जोरात टाकलं की काम होते. आपण अर्धी बकेट ओततो. शहरी चपट्या भांड्याला मात्र जास्त लागते, तुमचं कोणतं बसवलंय ते पहा, नवीन बांधणार असाल तर उताराचंच मागा. आणि हे टाकायचं पाणी नळाचं ताजं असायची काही गरज नाही. कपड्याचं शेवटचं खळबळलेलं पाणी, त्यात साबण नावालाच उरलेला असते, ते एका ड्रममध्ये काढून ठेवा आणि संडासात तेच वापरा. दुसऱ्या दिवसाच्या पुढं ठेवू नका, वास येते. धुवायला मग्गाभर चांगलं पाणी वेगळं ठेवायचं.

कपड्यात आम्ही रोजचं धुणं बंद केलं, दिवसाआड केलं, आणि साबण-पावडर मोजून टाकायला लागलो. पावडर जास्त तर फेस जास्त, फेस जास्त तर खळबळायला एक बकेट जास्त. भांड्याला आधी खरकटं पुसून काढायचं, राखेनं घासा की साबणानं घासा, पण मग दोन टबात विसळायचं, पहिल्यात घाण निघते, दुसऱ्यात स्वच्छ होते, आणि नळाखाली एकेक वाटी धरणं पूर्ण बंद. दुसऱ्या टबातलं पाणी पुढच्या घासणीला पहिला टब म्हणून चालते.

एवढ्यावर आमचा नवीन हिशेब आला: आंघोळ १०५ तशीच, कपडे ६०, संडासला ताजं पाणी २०, भांडी २५, पिणं ३८ तसंच. एकूण २४८. म्हणजे रोजचे १०० लिटर वाचले आणि कोणाची आंघोळ कमी झाली नाही, कोणाचं पिणं कमी झालं नाही.

तुमच्याकडं असेच १०० वाचले तर ३८० चे २८० होतात आणि १९०० लिटर पाचच्या जागी पावणेसात दिवस पुरतात. आठव्या दिवसापर्यंत जायला अजून ३४० लिटर कमी पडतात, म्हणजे दोन ड्रम वाढवले की तीन दिवसाची हापशी सुटली. एकदम दोन ड्रम घेणं जमत नसेल तर कपडे तेवढे हापशीच्या पाण्यानं धुवा, साबण जास्त लागेल पण गोड पाणी वाचेल. आणि मोठ्या पोरीला सोबत नेता लिहिलंय, तिची शाळा बुडत असेल तर यजमानांना सांगा की ड्रमचा खर्च त्यापुढं काहीच नाही.

प्रश्न: नमस्कार. मे महिन्यात आमचा लोखंडी कूलर रात्रंदिवस चालते आणि घरातलं अर्धं पाणी तोच पिते असं मंडळीचं म्हणणं आहे. ती म्हणते बंद करा. घरात वडील ७८ वर्षाचे आणि चार महिन्याचं बाळ. बंद करावा का? (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर: दादा, बंद करू नका. एवढं वय आणि एवढं लहान लेकरू असताना ४५ डिग्रीत कूलर बंद करायचा विचारही नको, ऊन लागणं म्हणजे खेळ नाही. पण तुमच्या मंडळीचं निरीक्षण खरं आहे. कूलर थंड करते ते पाणी उडवूनच, ताट्यांवरचं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी न खाता थंड करणारा कूलर होत नसते. आमच्याकडं मोजलं तर रात्रीच्या आठ तासात साडेचार बकेटी लागल्या, म्हणजे ७० लिटरच्या आसपास. दिवसा नवतप्यात त्याहून जास्त जाते कारण हवा कोरडी आणि ऊन तापलेलं. तुमचा पंखा मोठा असेल तर आकडा अजून वर जाईल. संध्याकाळी टाकीत पाण्याच्या पातळीला खूण करा, सकाळी त्याच खुणेपर्यंत भरायला किती बकेटी लागल्या मोजा, झालं.

आता वाचवायचं कुठं. एक तर कूलरच्या खाली बघा, सकाळी तिथं चिखल असेल तर ताट्यांमधून किंवा टाकीच्या जोडातून पाणी वाया चाललंय. ताटीतलं गवत एका जागी दबलेलं असलं की पाणी एका बाजूनं धारेनं पडते, बाहेर उडते आणि बाकी ताटी कोरडी राहते, थंडही होत नाही आणि पाणीही जाते. वाळा असो की लाकडाचं गवत, दरवर्षी नवीन भरा. दुसरं म्हणजे कूलर उन्हात ठेवू नका, वरून पऱ्हाटीचा नाहीतर तट्ट्याचा मांडव करा. तिसरं, रात्री बारानंतर हवा उतरते तेव्हा पंखा कमी स्पीडवर घ्या, कमी हवा म्हणजे कमी पाणी. आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. बरेच लोक सगळं बंद करून झोपतात, मग खोलीत ओल कोंडते, थंडावा लागत नाही आणि माणूस स्पीड वाढवत बसते.

कूलरला गोड पाणीच पाहिजे असं नाही. बोअरचं खारं चालते, फक्त पाणी उडून जाते आणि क्षार टाकीतच उरतात, म्हणून तीन-चार दिवसानं खालचं पाणी काढून टाकावं लागते. ते नालीत सोडू नका, आंगणात सडा मारा, ओटा धुवा, पण भाजीच्या झाडाला टाकू नका, झाड जळते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. पाणी भरताना कूलरचा नुसता बटन बंद करून भागत नाही, पिन काढा. लोखंडी कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय. दर उन्हाळ्यात आपल्या भागातून कूलरच्या शॉकनं माणूस गेल्याच्या बातम्या येतात, त्यात पाणी भरायला गेलेल्या बाया आणि खेळणारी लेकरं असतात. अर्थिंग नीट आहे का ते एकदा वायरमनकडून तपासून घ्या, आजच.

प्रश्न: आमच्या घरी नळ आला की आई ड्रममधलं उरलेलं सगळं पाणी शिळं म्हणून ओतून देते. मी ओरडलो तर म्हणते डेंगूचे डास होतात, आशाताईनंच सांगितलं. कोण बरोबर? (एक विद्यार्थी, मूर्तिजापूर तालुका)

उत्तर: दोघंही थोडे थोडे बरोबर. पाणी काही भाजी नाही की रात्रभरात शिळं होईल. झाकलेलं, स्वच्छ भांड्यातलं आणि लांब दांड्याच्या वगराळ्यानं काढलेलं पाणी कालचं आहे म्हणून फेकायचं कारण नाही, पाणी खराब होते ते त्यात हात बुडवल्यानं. पण आशाताईचंही खरं आहे, डेंगूचा डास साठवलेल्या साफ पाण्यातच अंडी घालते आणि आठ-दहा दिवसात अंड्याचा डास होते, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. तर असं करा, नळ यायच्या आदल्या दिवशी उरलेलं पाणी एका ड्रममध्ये जमा करा आणि कपडे, फरशी, संडास यात वापरून टाका, फेकू नका. रिकामा ड्रम आतून ब्रशनं घासा, कारण अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं ओतून ती जात नाहीत. म्हणजे आईनं आजवर पाणीही फेकलं आणि अंडीही तिथंच राहिली. मग वरून जुन्या लुगड्याचं दुपदरी फडकं ताणून दोरीनं बांधा. प्लास्टिकचं झाकण वाकडं झालं की डासाला फट मिळते, फडक्यात ते होत नाही.

प्रश्न: आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो, बोअर खारी, विहीर खारी. वीस बाय तीस फुटाचं टिनाचं छत आहे. त्यावरचं पावसाचं पाणी साठवून उन्हाळ्यात पिता येईल का, की हे फक्त सांगायच्या गोष्टी आहेत? (एक शेतकरी वाचक, तेल्हारा तालुका)

उत्तर: सांगायची गोष्ट नाही भाऊ, तुमच्यासाठी तर हाच सगळ्यात खरा उपाय आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यात जमिनीखालचंच पाणी खारं आहे, बोअर अजून खोल नेली तर गोड लागेल या आशेवर लोकांनी किती पैसा घातला ते तुम्ही पाहिलंच असेल. वरून पडते ते मात्र गोडच असते.

हिशेब असा, एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी. तुमचं छत ६०० चौरस फूट, म्हणजे ५६ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७५० मिलिमीटर धरू, त्यातलं उडालेलं, सांडलेलं, सोडून दिलेलं २० टक्के वजा करा, तरी ३३ हजार लिटरच्या वर येते. एवढं साठवायची गरजही नाही आणि खर्चही परवडणार नाही. पाच जणांच्या घराला फक्त पिणं आणि स्वयंपाक धरला तर दिवसाला ४० लिटर खूप झाले. १ मार्च ते ३० जून हे १२२ दिवस, म्हणजे ४८८० लिटर. ५००० लिटरची एक टाकी, बस. आणि २५ मिलिमीटरचा एक चांगला पाऊस तुमच्या छतावरून हजार लिटरच्या वर देते, म्हणजे तसे पाच पाऊस झाले की टाकी भरली.

भरायची कधी, ते महत्त्वाचं. मृगाचं पहिलं पाणी घेऊ नका, छतावर वर्षभराची धूळ, पाखरांची विष्ठा, वाळलेला पाला असते, ते धुऊन जाऊ द्या. पुढंही प्रत्येक पावसाचं सुरुवातीचं १०० लिटरभर पाणी वेगळ्या पाइपानं बाहेर सोडा. जुलै-ऑगस्टमध्ये टाकी भरून घ्या, हस्ताच्या भरवशावर राहू नका, आला तर वरून टॉप करा. टाकी काळी किंवा पक्की झाकलेली पाहिजे, आत उजेड शिरला की शेवाळ धरते, आणि पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी लावा. काढायला खाली नळाची तोटी ठेवा, वरून बकेट बुडवू नका. पिताना उकळून घ्या किंवा आरोग्य केंद्रातून क्लोरीनचं औषध मिळते ते बाटलीवर लिहिलेल्या मापानं टाका. आणि घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा की ही टाकी पिण्याची आहे, भर उन्हाळ्यात हिच्यात कोणी कपडे भिजवणार नाही. तोटीला कुलूप लावा म्हटलं तरी चालेल.

प्रश्न: घरी आरओ लावला, त्याची एक बारीक नळी सारखी नालीत वाहते. मेकॅनिक म्हणते असंच असते. (एक वाचक भगिनी, शेगाव तालुका)

उत्तर: असंच असते, पण नालीत जायलाच पाहिजे असं नाही. घरगुती आरओ एक लिटर पाणी गाळायला तीनेक लिटर बाहेर टाकते, पाणी खारं असेल तर त्याहून जास्त. रोज १५ लिटर पीत असाल तर ४५ लिटर नालीत. ती नळी एका बकेटीत सोडा, फरशी पुसा, संडासला वापरा. पिऊ नका आणि कुंडीत टाकू नका, त्यात क्षार अजून वाढलेले असतात.

प्रश्न: ते ५५ लिटर म्हणता त्यात आमची ढोरं धरली का? एक बैलजोडी, एक म्हैस, चार बकऱ्या. (एक वाचक, कारंजा तालुका)

उत्तर: नाही धरली काका, ५५ लिटर फक्त माणसाचं घरगुती माप आहे. उन्हाळ्यात एक बैल ४० ते ५० लिटर पिते, दुभती म्हैस ७०-८० पर्यंत जाते, बकरी चार-पाच लिटरमध्ये भागते. तुमची जोडी, म्हैस आणि बकऱ्या मिळून दोनशे लिटर म्हणजे रोजचा एक ड्रम वेगळा धरा, घरच्या हिशेबात मिसळू नका नाहीतर सुनेला उगाच जास्त वापरते म्हणून ऐकावं लागेल. ढोरांचं पिणं तोडायचं नाही, म्हशीचं दूध कमी होते आणि पुढं पेरणीत बैलही दम धरत नाहीत. वाचवायचं असेल तर कोठ्यातलं टाकं सावलीत घ्या आणि त्याला तडा आहे का पहा. रात्री ढोरं बांधल्यावर काठोकाठ भरा, खूण करा, ढोरांना टाक्यापर्यंत जाऊ देऊ नका, आणि पहाटे पाहा खूण किती उतरली.